अब्बांच्या डोळ्यातलं रुथेनियम

मी काय काम करते असं मंगरूळपीरमध्ये कुणी विचारलं, तर अम्मी "कॉलेजात शिकते" एवढंच सांगते आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळवते. अब्बा मात्र मान ताठ करून सांगतात, "माही पोरगी अणूचा कचरा धुते." मग ऐकणारा माणूस माझ्यापासून हातभर मागे सरकतो. आमच्या गल्लीतल्या एका चाचींनी मला अगदी मायेनं विचारलं होतं, की अंधारात माझे हात चमकतात का. मी म्हटलं, चमकत असते तर लाईट गेल्यावर तुमच्याच घरी येऊन बसले नसते का? त्यांना ते पटलं. त्या दिवसापासून माझ्याकडे बघून त्या थोड्या हिरमुसतात.

'धुते' हा शब्द अब्बांचा, आणि तो त्यांनी उगाच वापरलेला नाही. आमचा धंदा न्याऱ्याचा, म्हणजे सोनाराच्या केरातून सोनं काढायचा. सोनाराच्या दुकानात दागिना कापताना, घासताना जे कण उडतात ते केरात जातात, पायपुसण्यात अडकतात, हात धुतलेल्या पाण्यात तळाला बसतात. तो केर, ती राख, ती पायपुसणी आम्ही विकत घेतो. जाळतो, कुटतो, परातीत पाण्याखाली फिरवून फिरवून माती काढून टाकतो, आणि शेवटी जे जड उरतं ते तेजाबात घालून सोनं वेगळं, चांदी वेगळी करतो. तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. हे नाव मला अकरावीत कळलं, पण त्याचा वास मी रांगत होते तेव्हापासून ओळखते.

आमच्या घरात कायदा एकच होता, आणि तो अब्बांनी केलेला: "पाह्यल्याबिगर फेकाचं नाई." अंगणात पिंपं ठेवलेली. कामावरून उठलेल्या माणसानं हात पहिल्या पिंपात धुवायचे, पाय दुसऱ्यात. पाणी बसलं, गाळ बघितला, की मगच मोरीत. अब्बांच्या जुन्या सदऱ्यानं आम्ही कधी फरशी पुसली नाही. सदरा फाटला की जाळायचा आणि त्याची राख धुवायची. एकदा अम्मीच्या माहेरचे एक पाहुणे जेवून उठले आणि शिष्टाचार म्हणून त्यांनी हात धुण्याचं भांडं स्वतःच उचलून रस्त्यावर रिकामं केलं. अब्बा झाडू आणि सुपली घेऊन त्यांच्या मागोमाग बाहेर गेले आणि तेवढा ओला रस्ता खरवडून आत घेऊन आले. पाहुणे पुन्हा कधी जेवायला थांबले नाहीत.

घरी आम्ही उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडीची अशी खिचडी बोलतो, की कुठल्याही भाषेच्या मास्तरांनी आम्हाला नापासच केलं असतं. इथे मी सगळ्यांना वऱ्हाडीतच बोलू देते. वाचणाऱ्याचा जीव वाचेल.

आता माझ्या कामाबद्दल. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन तेजाबात विरघळवतात. हो, त्याच तेजाबात. त्यातलं पुन्हा कामाला येणारं काढून घेतलं की मागे एक पाणी राहतं, आणि त्या पाण्यात नाना धातू विरघळलेले असतात. काही फार वर्षं किरण टाकणारे, काही थोडी वर्षं, काही निरुपद्रवी. सगळे एकत्र असल्यामुळे सगळंच पाणी जहाल. त्यातले धातू एकेक करून वेगळे काढता आले तर कचराही कमी होतो आणि काही धातू कामालाही येतात. ते काढायला मी मणी बनवते. मणी म्हणजे रव्याहून बारीक, पांढरे, वाळूच्याच जातीचे दाणे, पण आतून भोकाभोकांचे. त्या भोकांत एक तेलकट रसायन मुरवायचं, जे ठरावीक धातूच पकडतं. असे मणी काचेच्या नळीत भरायचे आणि वरून पाणी सोडायचं. हवा तो धातू मण्यांच्या पोटात अडकतो, बाकीचे खाली निघून जातात. नंतर दुसरं पाणी सोडून अडकलेल्याला बाहेर काढायचं.

विद्यापीठातून सुट्टीला आले तेव्हा मण्यांची एक बाटली अब्बांना दाखवायला घेऊन आले होते. त्यांनी चिमूटभर मणी तळहातावर घेतले, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बघितलं.

"भोकं कुठी हायेत?"

"भिंगातून नाई दिसत, अब्बा. लय बारीक हायेत."

"मंग हायेत हे कोनं सांगतलं?"

याचं उत्तर द्यायला मला तासभर लागला आणि तरी ते त्यांना पटलं नाही. पण खरी पंचाईत पुढे झाली. त्यांनी विचारलं, तो अणूचा कचरा तू एसटीतून आणतं का? मी सांगितलं, की तसलं जहाल पाणी माझ्यासारखीच्या हातात कुणी देत नाही. ते जाड भिंतींच्या आड, यंत्रांच्या हातांनी हाताळतात. मी नकली कचऱ्यावर काम करते. म्हणजे त्याच धातूंचे शांत भाऊ, किरण न टाकणारे, बाजारातून शुद्ध विकत आणायचे, मापून तेजाबात विरघळवायचे, एकमेकांत मिसळायचे, आणि मग पुन्हा वेगळे काढायचे.

अब्बांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे तू शुद्ध माल इकत आनतं, त्याचा कचरा करतं, अन् त्या कचऱ्यातून तोच माल काढतं?"

"हो."

"सगळा निंगते का परत?"

"नाई. थोडा राह्यते."

त्यांनी अम्मीला हाक मारली. "ऐकलं का वं? हिले आपन उगंच शिकवलं."

त्या सुट्टीत सराफ्यातल्या एकेका दुकानात ही गोष्ट पोचली. सोनार मला बघून हसायचे. एकानं तर हातातली अंगठी पुढे करून विचारलं, की याचा कचरा करून देता का. मी चिडले, आणि चिडले की माझं तोंड सुटतं. त्यांना म्हटलं, तुमच्या अंगठीत आधीच इतकं तांबं आहे की मला वेगळं काही करावं लागणार नाही. अब्बांना पुढचे काही दिवस त्या दुकानाचा केर मिळाला नाही.

माझं दुखणं वेगळंच होतं. कचऱ्यात पॅलेडियम नावाचा धातू असतो, तो शहाण्या मुलासारखा मण्यांत जाऊन बसतो. त्याच्या शेजारचा रुथेनियम मात्र नुसता छळतो. तेजाबात गेला की एक रूप घेत नाही, दहा सोंगं घेतो. एका सोंगाला मणी पकडतात, दुसऱ्याला ओळखसुद्धा देत नाहीत. थोडा अडकतो, थोडा निसटतो, आणि जो अडकला तो धुवायला गेलं तर सुटत नाही. आमच्या एका मामांचं असंच आहे, बोलावलं तर येत नाहीत आणि आले तर जात नाहीत. माझा सगळा प्रबंध या एका धातूवर अडला होता. अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सोडून दे त्याले, दुसरा धर. मी म्हटलं, अब्बा, हाच धरायचा म्हणून तर विद्यापीठवाले मला शिकवून राह्यले. त्यावर ते परात ओढून कामाला बसले. पण ऐकून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

पोहरादेवीची बंजाऱ्यांची यात्रा जवळ आली की मंगरूळपीरच्या सराफ्यात चांदीचं काम वाढतं, म्हणजे आमचंही वाढतं. त्या वर्षी मी तेव्हा घरी होते. अब्बा एका दुकानात केर बघायला गेले, तळहातावर घेऊन उन्हात धरला आणि म्हणाले, यात काही नाही. दुकानदारानं बोट लावून दाखवलं तेव्हा त्यांना चांदीचा कीस दिसला. घरी येऊन त्यांनी दोष बल्बला दिला. पिवळा काढून पांढरा लावला, पांढरा काढून मोठा पांढरा लावला. मग अम्मीच्या फोडणीच्या धुराला दिला. मग एका सकाळी जाहीर केलं की घराच्या दाराची चौकट मधूनच वाकली आहे, आणि सुतार मिस्त्रीला बोलावून आणलं.

मिस्त्रीनं ओळंबा सोडला. चौकट सरळ होती.

"वाकडी हाय," अब्बा म्हणाले.

"सरळ हाय, बाबा. दोरी पाहा."

"तुही दोरीच वाकडी हाय."

दोघांचं असं जुंपलं की गल्ली गोळा झाली. लोंबणारी दोरी वाकडी कशी असेल, हे मिस्त्री सगळ्यांना विचारत होता. मी पण हसत होते. मग माझ्या लक्षात आलं, की अब्बा मान तिरकी करून बघतायत. कोंबडी दाणा टिपायच्या आधी बघते तशी. माझं हसू तिथेच थांबलं. मी जवळ जाऊन त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, आता?

"आता सरळ झाली," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "काहून?"

भिंग ते नेहमी उजव्याच डोळ्याला लावत. उभ्या आयुष्याची कमाई त्यांनी त्या डोळ्यानं वेचलेली.

वाशिमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. मग हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव लिहून दिलं. वाशिमहून आम्ही तिघं गाडीनं गेलो. अम्मीनं इतका डबा बांधला होता की शेजारच्या बाकावरची माणसंही जेवली, आणि अब्बा सगळ्यांना चौकटीची गोष्ट सांगत गेले. त्यांच्या सांगण्यात मिस्त्रीच चुकलेला होता.

हैदराबादच्या डॉक्टर बाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याखाली गाठ आहे. ती शरीरात पुढे पसरू देता येत नाही. मोठी असती तर डोळा काढूनच टाकावा लागला असता; ही अजून तेवढी नाही. म्हणून आधी एक उपाय करून बघू. चांदीची एक छोटी वाटी, अंगठ्याच्या नखाएवढी, गाठीच्या बरोबर मागे डोळ्याला बाहेरून टाके घालून बसवायची. तिच्यातले किरण गाठीला जाळतात. काही दिवसांनी वाटी काढून घ्यायची आणि मग वाट बघायची. गाठ बसली तर डोळा राहील. नाही बसली तर काढावाच लागेल.

अब्बांनी पहिला प्रश्न विचारला, "चांदी किती टंच हाय?"

बाईंना टंच म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं, की हे शुद्धता विचारतायत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, चांदी शुद्धच असते, पण काम तिचं नाही. तिच्या पोटात दुसऱ्या एका धातूचा पातळ थर असतो, काम तो करतो. अणुभट्टीच्या कचऱ्यातून काढतात तो. त्याचं नाव रुथेनियम.

इतकी वर्षं ज्याला मी शिव्या घातल्या, ज्याच्यामुळे माझा प्रबंध लटकला होता, तो माझ्या बापाच्या डोळ्यात जाऊन बसणार होता. मला हसावं का रडावं कळेना. मी विचारलं, तोच का, आणि बाईंनी सांगितलं तोच.

अम्मीचा धीर तिथे सुटला. "कचऱ्यातलं डोयात घालतीन? अवो, डोयात कचरा गेला तं आपन फुंकर मारून काढतो!"

"तुह्या हातातल्या बांगड्या कुठल्या हायेत?" अब्बांनी विचारलं. "सराफ्याच्या मोरीतल्या. एवढे वर्सं घालून राह्यली ना? काई झालं?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "लावा. माहं कायच म्हननं नाई. कचऱ्यातलं हाय म्हंजे घरचंच हाय."

आणि मग मला विचारलं, "तूच काढलं का हे?"

मी समजावून सांगितलं, की नाही, अब्बा. हे काढणारे लोक वेगळे, जागा वेगळी, रीतही वेगळी. माझ्या नळीतला शांत भाऊ असतो, हा किरण टाकणारा. माझे मणी अजून याला नीट पकडतही नाहीत. ते मान हलवत होते. संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या त्या मजल्यावरच्या सगळ्या पेशंटांना माहीत झालं, की या बाबाच्या डोळ्यात त्याच्याच पोरीनं काढलेला धातू बसणार आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यांना खरं काय ते सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

वाटी बसवल्यावर अब्बांना वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही दारापाशी उभं राहून थोडाच वेळ बघू शकत होतो. बाकी सगळं बोलणं फोनवर. ते आत, मी बाहेरच्या बाकावर, मध्ये भिंत.

"हा माल संपत नाई का?" त्यांनी फोनवर विचारलं.

मी सांगितलं, की संपतो, आपोआप. साधारण वर्षानं अर्धाच उरतो, आणखी वर्षानं त्याचाही अर्धा.

पलीकडे ते उठून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पेटीत ठेवला तरी?"

"पेटीत ठेवला तरी."

"कोनी हात नाई लावला तरी?"

"तरी."

"मंग अशा मालाचा धंदा कोन करन? हे तं भुताचं काम झालं." आणि लगेच पुढे, "अन् वाटीतून झिजते का? आंगाले लागते का?"

मी म्हटलं, नाही. वरून चांदीचा पडदा असतो, आतला कण बाहेर येत नाही. फक्त किरण येतात. तुमच्या जीवनात पहिल्यांदा असा माल आलाय ज्याचा कीस पडत नाही. यावर ते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ 'ऐकलं' असा होतो, 'पटलं' असा कधीच होत नाही. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

वाटी काढली. एक तरुण माणूस हातात किरण मोजायचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं अब्बांच्या डोळ्यावरून, गादीवरून, कोपऱ्यांवरून, आमच्या पिशवीवरूनसुद्धा ते फिरवलं. सगळं स्वच्छ. आम्ही घरी आलो. काही महिन्यांनी परत दाखवायला जायचं होतं. तोवर डोळा राहणार की जाणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि अम्मी दिवसातून कितीदा तरी त्यांच्या तोंडाकडे बघून मान फिरवायची.

पिशवी रिकामी करायला मी बसले. कपडे काढले, औषधं काढली, खजुराचा डबा काढला. खजुराच्या डब्यात खजूर नव्हते. कापसाचे बोळे होते, वापरलेले, एकावर एक दाबून बसवलेले. आणि चादरीत गुंडाळलेली पाण्याची बाटली, बूच घट्ट लावलेलं, आत गढूळ पाणी.

"अब्बा, हे काय हाय?"

"राहू दे ते. पाहाचं हाय."

त्यांनी काय केलं होतं, ते मग बाहेर आलं. डोळ्यातून पाणी गळायचं, ते गालावरून टिपलेला एकेक बोळा नर्सची पाठ फिरली की ते उशाखाली सरकवायचे. हात धुतलेलं पाणी बाटलीत भरायचे. वाटीतला एखादा कण झिजून आला असेल तर तो वाया जायला नको, म्हणून. दवाखान्यातून निघताना सगळी माणसं अल्लाचे आभार मानतात. माझे अब्बा केर घेऊन निघाले होते.

भीती मला क्षणभरच वाटली. यंत्र पिशवीवरूनही फिरलं होतं, ते गप्प होतं, तेव्हा यात काही नाही हे माझ्या डोक्याला माहीत होतं. पण राग असा चढला की मी ओरडायलाच लागले. तुम्हाला किती समजावलं! हे दवाखान्याचं घाणेरडं सामान, ते तिथेच जाळायचं असतं! डोळा जातो की राहतो याचा पत्ता नाही आणि तुम्हाला कीस सुचतो! त्यांच्या मशीननं बघितलं होतं ना?

"मशीननं पाह्यलं," अब्बा शांतपणे म्हणाले. "मानसानं कुठी पाह्यलं?"

अम्मीनं तोवर ते अणूचं पाणी असं समजून बाटली चिमट्यानं उचलली आणि अंगणाच्या भिंतीवर नेऊन ठेवली. शेजारच्या चाची भिंतीपलीकडून ती चमकते का ते बघायला आल्या. मी आणखी ओरडले. आयुष्यभर कचरा, कचरा, कचरा. एका कणासाठी रस्ता खरवडता, पाहुणे हाकलता. लालूच हाय ही, अब्बा, दुसरं काई नाई.

ते पलंगावर बसले होते. उजव्या डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. म्हणाले, "लालूच कायची? तुले भेटत नाई म्हने ना तो धातू. तुहं अडून राह्यलं म्हने. मले वाटलं, माह्याजवळ आयताच आला हाय, तं थोडासा पोरीसाठी घिऊन जाव."

माझा बाप डोळ्याला टाके घालून त्या खोलीत एकटा पडला होता, आणि तिथे तो माझ्या प्रबंधासाठी रुथेनियम चोरत होता.

बोळे मी खड्डा करून जाळले आणि खड्डा बुजवला. या वेळी राख धुवायची नाही असं सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं, हेच मोठं. पण गढूळ पाण्याची बाटली राहिली. मग मी केलं ते माझ्या मार्गदर्शकांना आजवर सांगितलेलं नाही. अब्बांच्या तेजाबाच्या सामानातली काचेची नळी घेतली, तळाशी कापूस बसवला, अब्बांना दाखवायला आणलेले मणी तिच्यात भरले. पाण्यात बेतानं तेजाब घातलं, कारण माझे मणी त्याशिवाय काम करत नाहीत. "तेजाब तेच!" अब्बा खूश होऊन म्हणाले. मग अंगणात स्टुलावर नळी उभी करून मी वरून थेंबथेंब पाणी सोडत बसले. अब्बा समोर खाटेवर. अम्मी दारात उभी राहून, हे दोघंही वेडे आहेत असं चाचींना सांगत होती. दुपार गेली, संध्याकाळची अजान झाली, पाणी संपलं. पांढरे मणी पांढरेच राहिले.

मी त्यांना खरं तेच सांगितलं, की असतं तरी ते इतकं कमी असतं की डोळ्यांना दिसलं नसतं, आणि नव्हतंच. त्यांनी मणी तळहातावर घेतले. भिंग उजव्या डोळ्याकडे नेलं, पट्टीला टेकवलं, मग डाव्याकडे. डाव्या डोळ्याला ती सवय नव्हती. भिंग हलत राहिलं. शेवटी त्यांनी मणी मला परत दिले आणि म्हणाले, "ठीक हाय. पाह्यलं. आता फेकलं तरी चालते."

त्या पावसाळ्यात मी विद्यापीठातून दर शनिवारी घरी येऊ लागले. प्रबंधाचं काम तिथे खोळंबायचं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मी स्वतःशीही कबूल करत नव्हते. अब्बा केर बघायला जात, पण बोली लावत नसत. दुकानदार चहा पाजत, तो पिऊन परत येत. घरात डोळ्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी कुणी बोलत नव्हतं. एकदाच, परातीजवळ बसले असताना, ते म्हणाले, "काढला तं काढला. एका डोयानंबी माती दिसतेच." आणि परात अशा जोरात फिरवली की निम्मा गाळ बाहेर सांडला. अम्मी उठून आत गेली. तेव्हा मला कळलं, की त्यांना किती भीती वाटतेय.

हैदराबादला या वेळी आम्ही दोघंच गेलो. अम्मीनं यायला नकार दिला. म्हणाली, मी घरी नमाज पढते, तुम्ही जा. बाईंनी अब्बांच्या डोळ्यात औषध घातलं, बराच वेळ बघितलं, फोटो काढले, जुन्या फोटोंच्या शेजारी ठेवले. अब्बा खुर्चीत ताठ बसले होते आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते. मी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत होते आणि त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

बाई म्हणाल्या, गाठ बसलीय. चांगली बसलीय. तपासायला येत राहावं लागेल, पण डोळा काढायची गरज नाही. डोळा राहतोय. मधलं बारीक आधीसारखं दिसणार नाही, ते तुम्हाला हळूहळू कळेलच. पण डोळा तुमचाच.

अब्बांनी त्यांना सलाम केला. "अल्ला तुमाले बरकत देवो," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बोट करून, "इच्यामुळे झालं." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी या वेळी दुरुस्ती केली नाही.

बाहेर व्हरांड्यात आलो आणि मला रडू फुटलं. थोडंथोडकं नाही, हुंदके देऊन. इतके महिने कुठे दडवून ठेवलं होतं कोण जाणे. बाकावरची माणसं माझ्याकडे बघून हळहळायला लागली. एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. अब्बा अगदी अवघडून गेले.

"अवं, गप. कायले रडतं? लोकाईले वाटीन माहा डोया काढला."

मला थांबता येईना. मी पदरात तोंड खुपसलं. ते जवळ आले, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि दुसऱ्या हाताचा तळवा आपल्या डाव्या, चांगल्या डोळ्यावर दाबून धरला. औषधानं मोठी झालेली उजवी बाहुली माझ्यावर रोखली. मान थोडी या बाजूला, थोडी त्या बाजूला केली आणि एका जागी स्थिर केली.

"पहिले नाक पूस," ते म्हणाले. "दिसून राह्यलं मले."